गर्दी मोजली कुणी?

ब्राझीलमधल्या रिओ द जानेरो शहरात कोपाकबाना नावाचा समुद्रकिनारा आहे. लांबी साधारण ४ किलोमीटर. ३१ डिसेंबर १९९४च्या रात्री रॉड स्टुअर्ट हा ब्रिटिश गायक तिथे मोफत गायला आणि गिनीज बुकात नोंद झाली : श्रोते ३५ लाख.

असा आकडा दिसला की मला कागद-पेन्सिल घेऊन बसावंसं वाटतं. वाळू आणि तिच्या कडेचा रस्ता मिळून रुंदी उदार मनाने १५० मीटर धरू. ४ हजार मीटर गुणिले १५० मीटर म्हणजे ६ लाख चौरस मीटर. तेवढ्या जागेत ३५ लाख माणसं उभी करायची तर प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ ६ माणसं हवीत, आणि तीही किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये एक हातही रिकामी जागा न सोडता. मंचापासून २ किलोमीटरवर उभ्या असलेल्या माणसाला गायकाचा सूर पोहोचायला जवळपास ६ सेकंद लागतील. पुढच्या रांगेतले टाळ्या वाजवून मोकळे होतील तेव्हा त्याला शेवटची ओळ ऐकू येईल. शिवाय ती नववर्षाची रात्र होती. त्या रात्री रिओचे लोक दरवर्षीच आतषबाजी बघायला किनाऱ्यावर येतात. त्यातले किती गाण्यासाठी आले होते आणि किती आकाशाकडे बघायला, हे कोण सांगणार?

मला त्या रात्रीचा आनंद कमी करायचा नाही. किनारा तुडुंब भरला होता हे खरंच आहे. पण संगीत महोत्सवांचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते : गर्दीचा आकडा जितका अवाढव्य, तितका तो मोजण्याऐवजी नुसता बोलला गेलेला असतो. आणि ज्या दिवशी गर्दी खरोखर मोजली जाऊ लागली, त्या दिवसापासून महोत्सव बदलले. काही चांगलं झालं, काही हातचं गेलं.

गर्दी मोजायची रीत फार सोपी आहे. ती अमेरिकेत हर्बर्ट जेकब्स या पत्रकाराने रूढ केली. १९६०च्या दशकात तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या आवारात पत्रकारिता शिकवायचा. त्याच्या खोलीच्या खिडकीतून विद्यार्थ्यांच्या सभा भरायच्या तो चौक दिसायचा, आणि त्या चौकाच्या फरशीवर चौकोन आखलेले होते. एका चौकोनात किती माणसं मावतात ते मोजायचं, भरलेले चौकोन किती ते मोजायचं, गुणाकार करायचा. त्यातून त्याने ठोकताळे बांधले. सैल गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, आणि अगदी चेंगरलेल्या गर्दीत अडीच. आपल्या १० बाय १०च्या खोलीत हा हिशेब मांडला तर सैल गर्दी म्हणजे खोलीत १० माणसं, दाट म्हणजे २२, आणि चेंगरलेली म्हणजे ४०. बस्स, एवढंच. कोणत्याही मैदानाचं क्षेत्रफळ माहीत असेल तर शाळकरी मुलगाही पाच मिनिटांत आकड्याची परीक्षा घेऊ शकतो. तरी ती कुणी घेत नाही, कारण मोठा आकडा सगळ्यांच्याच सोयीचा असतो : आयोजकाच्या, कलाकाराच्या, शहराच्या, आणि ‘मीही तिथे होतो’ असं पुढे आयुष्यभर सांगणाऱ्याच्याही.

मोजदादीतली आणखी एक गफलत व्हिएन्नात दिसते. तिथे डॅन्यूब नदीतल्या बेटावर १९८४पासून दर उन्हाळ्यात तीन दिवसांचा मोफत महोत्सव होतो. त्याचा आकडा २५-३० लाखांच्या घरात सांगितला जातो, आणि व्हिएन्नाची अख्खी लोकसंख्या आहे २० लाख. त्यात खोटं काही नाही. ती ‘भेटींची’ संख्या आहे. तिन्ही दिवस आलेला माणूस त्यात तीनदा मोजला जातो.

आता वुडस्टॉक महोत्सव. १५ ऑगस्ट १९६९, शुक्रवार. न्यूयॉर्क राज्यातलं बेथेल हे गाव, आणि मॅक्स यास्गर या दूधव्यावसायिकाची ६०० एकरांची शेतजमीन. आयोजकांनी गावाला सांगितलं होतं की ५० हजार लोक येतील. तिकिटं आधीच विकली गेली होती १ लाख ८६ हजार. कुंपण वेळेत उभं राहिलं नाही, तेव्हा कार्यक्रम सगळ्यांना मोफत असल्याचं जाहीर करावं लागलं, आणि लोक आले ४ लाखांच्या वर. फिरती स्वच्छतागृहं होती ६००. म्हणजे एकामागे साडेसहाशेहून जास्त माणसं, आणि तेही तीन दिवस, पावसात.

जेकब्सची पट्टी इथे लावू. ६०० एकरांत ४ लाख माणसं म्हणजे माणशी ६५ चौरस फूट, अगदी ऐसपैस. पण मंचासमोरच्या उतारावर? माणशी १० चौरस फुटांनी ४ लाख माणसांना ९२ एकर लागतात, तेही सगळी उभी राहिली तर. पथारी पसरून बसायचं असेल तर त्याच्या दुप्पट. तेव्हा ‘४ लाख श्रोते’ हा शब्दप्रयोगच जरा सैल आहे. ४ लाख माणसं त्या परिसरात होती : रस्त्यात अडकलेल्या गाड्यांत, तळ्यावर, झाडीत, तंबूत. गाणं कानावर पडत होतं ते त्यातल्या काही जणांच्या. सोमवारी सकाळी गिटारवादक जिमी हेंड्रिक्स मंचावर आला तोवर तर बहुतेक लोक घरची वाट धरून निघाले होते. आज वुडस्टॉकचं म्हणून जे वादन जगाला पाठ आहे, ते त्या ४ लाखांतल्या बहुसंख्यांनी प्रत्यक्ष ऐकलेलंच नाही.

त्याच वुडस्टॉकच्या पहिल्या रात्री पावसात रविशंकरांची सतार वाजली आणि तबल्यावर होते मुंबईकर उस्ताद अल्ला रखा. या प्रसंगापाशी मला थांबावंसं वाटतं. जी मैफल वीस-पंचवीस जाणकारांसमोर, हातभर अंतरावरून ऐकायची म्हणून शतकानुशतकं घडत आली, ती एका डोंगरउतारावर लाखांच्या पुढ्यात मांडली गेली. मींडेतला तो बारीकसा श्रुतिभेद चिखलात उभ्या असलेल्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला असेल का? रविशंकर पुढे अशा महोत्सवांपासून दूर राहिले, आणि तिथल्या वातावरणाबद्दलची नाराजी त्यांनी लपवली नाही. गर्दी किती असावी, या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक संगीताचं वेगळं असतं, आणि त्यांना आपल्या संगीताचं उत्तर ठाऊक होतं.

वुडस्टॉकनंतर एका वर्षाने, ऑगस्ट १९७०मध्ये, इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट बेटावर महोत्सव झाला. बेटाची लोकसंख्या लाखाच्या आसपास, आणि पाहुणे किती, तर ६ लाख असं सांगितलं जातं. प्रत्येकाला बोटीनेच यावं लागलं, तेव्हा खरा आकडा बराच कमी असावा असं मला वाटतं. पण बेटावरचे लोक हादरले ते हादरलेच. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने त्या बेटापुरता कायदा केला : परवान्याशिवाय ५ हजारांहून जास्त माणसांनी रात्रभर उघड्यावर जमायचं नाही. गाण्याच्या गर्दीला कायद्याने आकडा घातला गेला. त्यानंतर तिथे पुन्हा महोत्सव व्हायला २००२ साल उजाडलं.

आणि १९७३. न्यूयॉर्क राज्यातच वॉटकिन्स ग्लेन इथल्या मोटारशर्यतींच्या मैदानावर २८ जुलैला फक्त तीन बँड वाजणार होते. तिकिटं विकली दीड लाख, लोक आले ६ लाख. अमेरिकेची तेव्हाची लोकसंख्या सुमारे २१ कोटी २० लाख. म्हणजे त्या दिवशी दर साडेतीनशे अमेरिकी माणसांमागे एक जण त्या एका मैदानावर होता. हाही अंदाजच. पण विकलेल्या तिकिटांच्या चौपट माणसं, हे गुणोत्तर त्या काळाची ओळख सांगतं. दार उघडं होतं. जो आला तो आत.

मात्र इतकी माणसं जमली तरी त्यांना ऐकू कसं जाणार होतं? १५ ऑगस्ट १९६५ला, वुडस्टॉकच्या बरोबर चार वर्षं आधी, बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर वाजले. प्रेक्षक ५५,६००. त्यांच्यासाठी मुद्दाम बनवलेले ॲम्प्लिफायर होते १०० वॉटचे. हजारो मुलींच्या किंकाळ्यांपुढे ते काय टिकणार! वादकांना स्वतःचं वाजवणंही धड ऐकू येत नव्हतं. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ध्वनीची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. अंतर १० पट झालं की शंभराव्या. मंचावरचा आवाज कितीही वाढवला तरी पुढचे बहिरे होतात आणि मागच्यांना कुजबूज ऐकू येते.

त्यावर तोड निघाली ती मैदानात मध्येमध्ये स्पीकरचे मनोरे उभे करण्याची. पण तिथे दुसरी अडचण. विजेचा संदेश तारेतून क्षणात पोहोचतो, आणि हवेतून येणारा आवाज सेकंदाला ३४३ मीटर चालतो. १०० मीटरवरच्या मनोऱ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला तोच ठेका आधी मनोऱ्यातून आणि मग सेकंदाच्या तीन दशांशांनी मंचावरून असा दोनदा ऐकू येतो. तालाचा चुथडा होतो. म्हणून मनोऱ्याचा आवाज बरोबर तेवढाच उशिरा सोडायचा. हे काम करणारी डिजिटल यंत्रं तेव्हा नुकतीच आली होती, आणि वॉटकिन्स ग्लेनच्या मैदानावर ती वापरली गेली. मागे उभ्या असलेल्या माणसाला वाटावं की सूर समोरच्या मंचावरूनच येतोय, एवढी ती किमया. माझ्या मते महोत्सवांच्या इतिहासात या ०.३ सेकंदाला कोणत्याही गायकाइतकंच महत्त्व आहे. ते साधलं नसतं, तर काही हजारांपलीकडची गर्दी केवळ बघ्यांची राहिली असती.

आवाजाची मर्यादा सुटली तशी शरीराची मर्यादा पुढे आली. गर्दीच्या शास्त्रात जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्याचं नाव आदराने घेतात. त्याने दाखवून दिलं की एका चौरस मीटरमध्ये ७ माणसं झाली की गर्दी माणसांची राहत नाही, ती द्रवासारखी वागू लागते. तिच्यात लाटा उठतात. माणूस उचलला जातो, पाय जमिनीला लागत नाहीत, छातीवर दाब येऊन श्वास घेता येत नाही. अशा ठिकाणी मरणारे बहुतेक जण पायाखाली तुडवून नव्हे, तर उभ्याउभ्या गुदमरून मरतात. मुंबईकर इथे लगेच विचारेल, की आमच्या लोकलमध्ये तर रेल्वेच्याच हिशेबाने गर्दीच्या वेळी चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी असतात, त्याचं काय? फरक असा, की डब्याला चार भिंती आहेत आणि मागून रेटणारे मोजके. मैदानात तुमच्या पाठीशी ३० हजार माणसं असतात, आणि त्या सगळ्यांचा रेटा एका कठड्यापाशी येऊन थांबतो.

३० जून २००० रोजी डेन्मार्कमधल्या रोस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम हा बँड वाजत असताना मंचासमोर ९ तरुण असे गेले. मागच्यांना पुढे काय चाललंय याचा पत्ताच नव्हता.

आणि बर्लिनची लव्ह परेड. ती सुरू झाली जुलै १९८९मध्ये, भिंत पडायच्या चार महिने आधी, पश्चिम बर्लिनच्या रस्त्यावर सुमारे दीडशे जणांनिशी. गाडीवर स्पीकर, मागे नाचणारी पोरं. दहा वर्षांनी, १९९९मध्ये, तिचा आकडा सांगितला गेला १५ लाख. १५० ते १५ लाख : दहा वर्षांत १० हजार पट. पुढे ती ऱ्हूर खोऱ्यातल्या शहरांकडे गेली आणि तिथेही दहा लाखांच्या वरचे आकडे जाहीर होत राहिले. २४ जुलै २०१०ला ड्युइसबर्गमध्ये रेल्वेच्या जुन्या मालधक्क्यावर ती भरली. त्या जागेला परवानगी होती अडीच लाखांची, आयोजकांनी सांगितलेला आकडा होता १४ लाखांपर्यंतचा. आत जायचा रस्ता बोगद्यातून आणि मग एका उतारावरून. बाहेर पडायचाही तोच. त्या उताराच्या पायथ्याशी २१ जण गुदमरून गेले. नंतरच्या चौकशीत उघड झालं की आधीच्या वर्षांचे जाहीर आकडे कित्येक पट फुगवलेले होते. विचार करा : ज्यांनी वर्षानुवर्षं १०-१५ लाखांच्या बढाया मारल्या, त्यांना प्रत्यक्षात किती माणसं आली की काय होतं, हे कळण्याचा मार्गच उरला नव्हता. फुगवलेला आकडा निरुपद्रवी असतो असं म्हणणाऱ्याला मी ड्युइसबर्गचं नाव सांगेन. खटला चालला, आणि २०२०मध्ये निकालाविना संपला.

खरं तर हिशेब अवघड नसतो. सपाट वाटेच्या एका मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं सुखरूप जाऊ शकतात, असं ब्रिटनमधल्या स्टेडियमसाठीचं मार्गदर्शक प्रमाण आहे. समजा शेवटचं गाणं संपलं आणि १ लाख माणसं एकदम निघाली. सगळ्या वाटांची रुंदी मिळून ५० मीटर असेल तर मिनिटाला ४,१०० जण, म्हणजे मैदान रिकामं व्हायला २४-२५ मिनिटं. रुंदी १० मीटरच असेल तर दोन तासांहून जास्त. आता हे दोन तास अंधारात, दमलेल्या, तहानलेल्या, घरी जायची घाई असलेल्या लोकांनी काढायचे आहेत. आणि वाट दुहेरी असेल तर सगळंच गणित कोलमडतं.

एकूण संख्या अचूक असली म्हणजे भागलं, असंही नाही. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात साधारण ५० हजार माणसं होती, आणि मैदान ती सामावण्याइतकं मोठं होतं. तरी मंचाजवळच्या एका भागात दाब वाढला आणि १० जण गेले. सर्वांत लहान मुलगा ९ वर्षांचा. सरासरी सुरक्षित असते. माणूस मात्र सरासरीत उभा नसतो, कठड्याला चिकटून उभा असतो.

मोजलेल्या गर्दीचं उदाहरण म्हणून मला ग्लास्टनबरीचं नाव घ्यावं लागेल, कारण त्याच्याइतका सलग आलेख दुसऱ्या कुणाचा नाही. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातलं पिल्टन हे हजारभर वस्तीचं गाव. तिथले दूधव्यावसायिक मायकेल ईव्हिस यांनी १९ सप्टेंबर १९७०ला आपल्या वर्दी फार्मवर पहिला कार्यक्रम केला. आदल्याच दिवशी लंडनमध्ये हेंड्रिक्स वारला होता. तिकीट १ पौंड, त्यात गोठ्यातलं दूध फुकट. आले १,५०० जण. पुढच्या वर्षी कार्यक्रम मोफत ठेवला, १२ हजार आले. १९८१मध्ये १८ हजार. त्या वर्षी बांधलेला पिरॅमिडच्या आकाराचा मंच हिवाळ्यात गोठा म्हणून वापरला जाई. १९८३पासून परवाना लागू लागला, मर्यादा ३० हजार. १९९०मध्ये ७० हजार. आणि मग साल २०००. तिकिटं विकली १ लाख, आत होते अंदाजे अडीच लाख. कुंपणावरून चढून, खालून खणून, जमेल तसे लोक शिरले. तो महोत्सव २५ जूनला संपला, आणि पाचच दिवसांनी रोस्किल्ड घडलं. पुढच्या वर्षी ग्लास्टनबरी झालंच नाही. २००२मध्ये उंच पोलादी कुंपण उभं राहिलं आणि फुकट शिरणाऱ्यांचा तीस वर्षांचा जमाना संपला.

आज तिथे कलाकार, कामगार, स्वयंसेवक धरून २ लाख १० हजार माणसांना परवानगी आहे. २०११च्या जनगणनेतली सातारा आणि रत्नागिरी शहरं एकत्र केली तरी २ लाखांच्या आतच राहतात. एवढं शहर जूनमध्ये पाच दिवसांसाठी शेतात वसतं आणि उठतं. पाणी, मैला, दवाखाना, वीज, कचरा, सगळं उभारायचं आणि सगळं उचलायचं. २०१७मध्ये तिथे प्लॅस्टिकच्या १३ लाख बाटल्या विकल्या गेल्या, माणशी सहांहून जास्त. २०१९पासून एकदाच वापरायच्या अशा बाटल्यांची विक्री बंद झाली. दर काही वर्षांनी जमिनीला एक वर्ष विश्रांती देतात. २०२६ हे तसंच पडीक वर्ष.

माणसं १४० पट झाली. तिकीट मात्र १ पौंडावरून २०२५मध्ये ३७३ पौंड ५० पेन्सवर गेलं, म्हणजे पावणेचारशे पटींच्या जवळ. महागाईच्या कोणत्याही मापाने १९७०चा तो १ पौंड आज २५ पौंडांच्या वर जात नाही. अर्थात त्या १ पौंडात दूध आणि एक मंच होता, आज शंभरांवर मंच आणि एक सुरक्षित शहर आहे. तरीही ज्याच्या खिशात पैसे नव्हते तो १९७१मध्ये आत होता आणि आज बाहेर आहे, ही गोष्ट मला खटकते. जीव वाचले, हे निःसंशय मोठं. पण दार बंद झालं ते याच हिशेबापायी, हेही सांगायला हवं.

शे स्टेडियमवर १०० वॉटच्या ॲम्प्लिफायरपुढे गाणारा २३ वर्षांचा पॉल मॅकार्टनी २०२२च्या जूनमध्ये ग्लास्टनबरीच्या मुख्य मंचावर उभा राहिला तेव्हा त्याला ८० पूर्ण होऊन एकच आठवडा झाला होता. त्याच्या आदल्या रात्री त्याच मंचावर होती २० वर्षांची गायिका बिली आयलिश. दोघांत ६० वर्षांचं अंतर आणि गर्दी तीच. साठच्या दशकात तीस वर्षांपलीकडच्या माणसावर विश्वास ठेवू नका म्हणणारी पिढी आज नातवंडांबरोबर त्याच चिखलात उभी असते. माझ्या दृष्टीने ही सगळ्यात सुखद वाढ आहे.

कुंपणाआडची गर्दी मोजता येऊ लागली, आणि न मोजता येणारी गर्दी बाहेर जमू लागली. २०२३मध्ये एल्टन जॉनचा ग्लास्टनबरीतला कार्यक्रम बीबीसीवर एका वेळी ७० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. मैदानातल्या एकेका माणसामागे घरात बसलेले तेहतीस. तिकिटांची रांगही आता पडद्यावर. २०२५च्या ग्लास्टनबरीची मुख्य विक्री पाऊण तासाच्या आत आटोपली. आपल्याकडे सप्टेंबर २०२४मध्ये कोल्डप्ले या बँडच्या नवी मुंबईतल्या तीन कार्यक्रमांची तिकिटं निघाली तेव्हा सुमारे दीड लाख तिकिटांसाठी १ कोटी ३० लाख जणांनी प्रयत्न केल्याचं जाहीर झालं. एका तिकिटामागे ८५हून जास्त माणसं. पण एकेका घरात चार फोन, दोन लॅपटॉप, शेजारी पुतण्याचा आयपॅड, सगळे एकाच तिकिटासाठी रांगेत होते. तेव्हा १ कोटी ३० लाख हा माणसांचा आकडा म्हणावा की यंत्रांचा? वॉटकिन्स ग्लेनला हवाई छायाचित्रावर चौकोन तरी आखता येतात; या रांगेवर कुठली पट्टी लावायची?

पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव या सगळ्यांहून जुना आहे. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूच्या पहिल्या पुण्यतिथीनिमित्त तो सुरू केला. वुडस्टॉक व्हायला तेव्हा सोळा वर्षं अवकाश होता. इथे बदललेला आकडा माणसांचा नाही, तासांचा आहे. शालीत गुरफटून, चटईवर रात्रभर बसून, तीन रात्री गाणं ऐकणारे हजारो लोक हे या महोत्सवाचं वैभव होतं, आणि अखेरच्या पहाटे भीमसेनजी गाऊन सांगता करत. जुलै २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांना मनाई करणारा नियम कडक केला. वर्षातले १५ दिवसच काय ते राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. शेजारी झोपलेल्या आजारी माणसाचा हक्क मला मान्य आहे. पण रागसंगीताच्या घड्याळात ३ तासांचा एक असे दिवसाचे ८ प्रहर असतात, आणि रात्री १० ते सकाळी ६ हे ८ तास म्हणजे त्यातले २ पूर्ण प्रहर आणि तिसऱ्याचा दोन तृतीयांश भाग. रागांच्या वेळापत्रकाचा बरोबर एक तृतीयांश हिस्सा उघड्या मांडवातून उठला. महोत्सव तीन रात्रींचा पाच दिवसांचा झाला, दुपारचे राग पूर्वी क्वचित ऐकायला मिळत ते आता भरपूर मिळतात, मैदान रमणबागेतून मुकुंदनगरला गेलं, गर्दी आजही ओसंडते.

नियमाने बंदिस्त सभागृहाला सूट आहे. तेव्हा मालकंस उतरणीला लागून ललत सुरू होण्याची ती वेळ आज अनुभवायची असेल तर दारं लावलेलं सभागृह शोधावं लागतं, आणि आपल्याकडच्या चांगल्या मोठ्या नाट्यगृहातही खुर्च्या हजाराच्या आसपासच असतात.